माजघराला चालंल असा रोल

झरी
धोंड्याचा महिना सरला त्याचा दुसरा दिवस, १९९३

तू धाडलेला रोल तुझ्या ह्या फोटोच्या डब्ब्यात बसत न्हाई. पयलं हे ऐक, मग बाकीचं. सुतळीनं बांधून, वर लाख लावून, नवरीवाणी सजवून धाडलास अन् आत निघाला अंगठ्याएवढा बारका रोल. डब्ब्याच्या पोटात टाकला तर वाळल्या शेंगेवाणी खुळखुळतो. पंडित फोटोवाला माझ्या तोंडावर हसला. म्हणला, "चतुराआजी, मोठ्या कॅमेऱ्याला हा बारका रोल लागतो, अन् तुमच्या ह्या खेळण्याला मोठा, कागदात गुंडाळलेला." असलं उफराटं मला काय ठाऊक. तुला ठाऊक पायजे होतं. पोखर्णीच्या जत्रेत मातीत लोळून घेतलास तो डबा. शाळा सुटेस्तोवर गळ्यात घालून हिंडलीस. अन् त्याच्या पोटाचं माप विसरलीस.

सुमे, आशीर्वाद. आता बस अन् वाच. अक्षर लागलं न्हाई तर परत वाच. निजामाच्या वक्ताची दुसरी शिकलेली बाई हाय मी, तुझ्यावाणी कॉलेजात गेले न्हाई.

तुझं पत्र पंडितनं दिलं. दुकानाच्या पत्त्यावर पत्र धाडायची युगत तुझी, पण तोंड त्याचं हाय. बस स्टँडावर मला बघितलं की वरडतो, "आजी, तुमचं औषध आलंय!" आता सगळी झरी मला विचारती, चतुराबाई, कशाचं दुखणं हाय.

पत्रात भुसावळचं लय लिहिलंस. तिथलं ऊन, रेल्वेची खोली, रातभर गाड्यांचा आवाज. मी त्यातलं एकच धरलं. तू लिहिलंस, आज्जी, मायचा आवाज आठवतो, हात आठवतात, तोंड आठवंना, फोटो असला तर धाड.

फोटो न्हाई. घरात तुझ्या आईचा एकच फोटो, लग्नातला. त्यात तोंडाच्या जागी मुंडावळ्या हायत. फोटो काढणाऱ्याला नवरदेव दिसला, नवरी दिसली न्हाई.

आता इथली हालत तुला सांगते, कारण तू विचारली न्हाईस. दोन वर्षं झाली तुला त्याच्यासंगं जाऊन. त्याचं नाव मी लिहीत न्हाई. तो वेशीबाहेरच्या वस्तीतला, परभणीला तुझ्या कॉलेजात होता, नामांतराच्या मोर्चात पुढं असायचा, एवढं सगळ्या गावाला ठाऊक. तू गेलीस त्या दिवशी तुझ्या बापानं नदीवर जाऊन तुझ्या नावानं तीळपाणी सोडलं. घरी येऊन म्हणला, ह्या घरात तिचं नाव निघायचं न्हाई. तुझ्या आईनं ऐकलं. तवापासून ती माजघरात बसायली. रडत न्हाई, भांडत न्हाई. भाकरी करती, दळण निवडती, विचारलं तर व्हय म्हणती. निस्तं दिवसाउजेडी अंगणात येत न्हाई. अंगणात आलं की गल्लीतल्या बाया विचारतात, काय विमलबाई, सुमीचं काय कळलं का. त्याला उत्तर न्हाई, म्हणून अंगण बंद.

धोंड्याच्या महिन्यात घरोघर जावई जेवून गेले. विमलनं बी पुरण शिजवून धोंडे केले. कुणासाठी ते कुणी विचारलं न्हाई. मग गाईला घातले. गाईनं खाल्ले.

पंडितला घरी बोलव म्हणशील. तो आला की मागं सारी गल्ली येती अन् तुझा बाप विचारतो, फोटो कशाला. हा डबा माझ्या हातात असला तर म्हातारी येडी झाली म्हणून सोडून देतात. म्हणून माळ्यावरून मीच काढला, पुसला. झुरळाची अंडी होती. वरचा काटा अजून फिरतो, एकीकडं सूर्य, एकीकडं ढग. पंडितनं बघून सांगितलं, आजी, काटा निस्ता फिरतो, आत काहीच होत न्हाई, पोरांना खेळायला ठेवलाय. डब्ब्याला एकच डोळा अन् एकच पापणी. बदलायचं तर निस्ता रोल बदलता येतो.

तुझा बारका रोल परत धाडत न्हाई. पंडितला दिला, त्याच्या बदल्यात त्यानं मोठा दिला. शंभर नंबरचा, काळापांढरा. तो रंगीत घ्या म्हणत होता. मी म्हणलं, ज्या बाईचा काढायचाय ती रंगीत राहिली न्हाई.

झरी
भूकंपानंतरचा सोमवार

आमी सगळे जिवंत हाव. तुझं कार्ड मिळालं, एवढं घाबरायचं काम न्हाई, जे झालं ते तिकडं किल्लारीकडं झालं. इथं भांडी वाजली, कोठीघराच्या भिंतीला चीर गेली. सगळं गाव बाहेर पळालं. तुझ्या बापानं मला उचलून आणलं, मी त्याच्या पाठीत बुक्क्या घातल्या, विमलला आण म्हणून. तो दारातून वरडला, ती आली न्हाई. मग तो आत जाऊन तिच्याजवळ उभा राहिला. थरथर थांबली तवा तो बाहेर आला. गाव अजून अंगणात झोपायलंय, ती माजघरात.

आता रोलाचं.

शंभरचा रोल सगळा संपवला. पंडितनं धुवून दिला. चौकोनी चौकोनी फोटो निघतात, कडेला काळपट, मधी बरे. शेळी लय बेस आली. तिच्या डोळ्यातली बदमाशी सुदिक आली. लिंबाचं झाड आलं. तुझ्या बापाची पाठ आली, तो औताचं जू बांधायला वाकलेला, मी मागून टक् केलं, त्याला कळलं न्हाई. धुरपताबाई आली, शेजारची, तुला ठाऊकच हाय, फोटो काढायले म्हणल्यावर घरात जाऊन नथ घालून आली.

तुझी आई आली न्हाई. तिचे लय काढले. चुलीपाशी, जात्यापाशी, दाराकडं तोंड करून, खांबाला टेकून. सगळे काळे. एकात देवळीतला दिवा तेवढा काजव्यावाणी दिसतो, अन् त्याच्या शेजारी अंधार जरा जास्त हाय. तीच तुझी आई. म्हणशील तर धाडते.

पंडितकडं गेले भांडायला. तो म्हणला, "आजी, शंभरच्या रोलाला ऊन लागतं. लख्ख. त्यांना अंगणात बसवा."

"ती अंगणात येत न्हाई."

"मग माजघरात ऊन आणा."

"तुझ्या बापानं आणलं होतं का रे?"

तो हसला. माझ्यापुढं दोन डब्या ठेवल्या अन् समजावलं. मला समजलं ते असं. शंभरचा रोल माझ्या सासूवाणी. डोळ्यापुढं लख्ख उजेड धरल्याबिगर काही कबूल करत न्हाई. चारशेचा रोल धुरपताबाईवाणी. दाराच्या फटीतून जेवढं दिसंल तेवढ्यात सगळं बघून घेतो. माजघराला चारशे पायजे. मी म्हणलं, मग जगात सगळ्यांनी चारशेच घ्यावा की, शंभर कामून बनवतात. तर म्हणला, उन्हात चारशे धरला की सगळं पांढरंफटक. नाक न्हाई, डोळे न्हाई. धुरपताबाईच्या गोष्टीचं बी असंच होतं. गरजेपेक्षा जास्त बघितलं की खरं काय होतं तेच उडून जातं.

चारशेचा त्याच्यापाशी नव्हता. परभणीहून आणतो म्हणला.

तुझी वस्तीतली सासू बाजारात भेटली. म्हणजे त्याची माय. आमी एकमेकीपुढं उभ्या राहतो अन् मेथी कशी दिली ते विचारतो. दोघींच्या पिशवीत मेथी असती.

झरी
दसऱ्याचा दुसरा दिवस

चारशेचा रोल गेला. फुकट गेला. कुणी घालवला ते खाली लिहिलंय, पण तू त्यावरून रडायचं न्हाई, मला बी रडू आलं न्हाई.

पंडितनं रोल भरून देताना बजावलं होतं, आजी, हा चपळ रोल हाय, पाठीमागच्या, आकडा दिसायच्या लाल भोकातून सुदिक ऊन खातो, भोकावर पट्टी लावा. मी विहिरीवरच्या मोटारीच्या वायरीची काळी चिकटपट्टी लावली. फोटो पुढं सरकवायचा तर पदराआड जाऊन पट्टी उचलायची, आकडा बघायचा, परत लावायची. लेकराला पाजावं तसं. घटस्थापनेच्या नंतर विमलचे तीन-चार काढले. एकदा तिनं माझ्याकडं बघितलं. डबा बघितला. मी म्हणलं, "जुना हाय, चालतो का बघायले." ती व्हय म्हणली. मला तवाच वाटलं, हा फोटो येणार.

मग खंडेनवमी आली. तुझ्या बापानं दरसालासारखी हत्यारं काढली. विळे, कुऱ्हाड, वखराची पास, मोटारीचा पाना. विमलनं माजघरातच पाट मांडून पूजा केली. मी उशिरा उठले, गुडघा धरला होता. येऊन बघते तर विळ्या-कुऱ्हाडीच्या रांगेत शेवटी तुझा डबा. वर झेंडूचं फूल. अन् मागचं झाकण उघडं.

मी म्हणलं, "विमल, हे कुणी उघडलं?"

"मी."

"कामून?"

"पुसला, आत्याबाई. कुंकू लावलं."

"वरून लावायचं की!"

तर म्हणती, "कुंकू धारेला लावतात. मुठीला कोण लावतं?"

खरं हाय तिचं. विळ्याला मुठीला कुंकू लावलेलं मी बी कवा बघितलं न्हाई. ह्या डब्ब्याची धार आत असती हे तिनं तिच्या डोक्यानं काढलं. ओल्या फडक्यानं आत पुसलं, बोटानं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, अन् तुझा रोल आ करून उजेड पीत बसला.

दोन वर्षं जिचं नाव तोंडातून निघालं न्हाई तिचं हत्यार म्हणून तिनं ते पाटावर मांडलं होतं. मग तुझा बाप आला आंघोळ करून. रांगेनं बघत गेला. डब्ब्यापाशी थांबला. मला वाटलं आता लाथ बसती. त्यानं हात जोडले. विळ्याला जोडले, का पान्याला, का कशाला, ते त्याला ठाऊक. जेवायला वाढ म्हणला.

आज पंडितनं रोल धुतला. काळाठिक्कर. तो म्हणला, हे काय, आत तांदूळ? मी म्हणलं, आमच्यात रोलाला जेवू घालतात.

डबा मी पुसला, पण कुंकू बारीक असतं. फटीत गेलेलं निघत न्हाई.

झरी
मार्गशीर्ष, तुरीला शेंगा भरल्या तवा

माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, परभणीच्या शिबिरात. आता काळा चष्मा घालून हिंडते. शेळी मला ओळखंना. पत्राला उशीर झाला तो ह्याच्यामुळं, दुसरं काही मनात आणू नको. ओळी वरखाली गेल्या असतील तर तसंच वाच.

तू लिहितीस, राहू दे आज्जी, नको फोटो. हे तू मला सांगायचं न्हाई. मागितला होतास तवा विचार करायचा होतास.

चष्मा घालून पंडितकडं गेले तर टेबलावर थापा मारून हसला. "आजी, आता डब्ब्याला बी असाच चष्मा घ्या, उन्हात चारशेचा रोल चालंल." असलं काहीबाही बोलतो. मग कामाला लागला. ह्या बाजूला शंभरची डबी, त्या बाजूला चारशेची. बोला, कुठला.

सुमे, मी तिथं लय वेळ उभी राहिले. गिऱ्हाइकं आली, पासपोटचे फोटो काढून गेली. मी उभीच.

असं बघ. शंभरचा घेतला तर विमलला बाहेर आणावं लागतं. कसं आणू? धुरपताबाई म्हणती, तिला सांग, सुमी वेशीत आलीय, पळत येती का न्हाई बघ. पळत येईल. उन्हात उभी राहील, वेशीकडं बघील. फोटो बी लख्ख येईल. अन् मग ती परत आत जाईल ती कायमची. असला फोटो मी काढत न्हाई. कुणाला लागत असंल तर त्यानं काढावा.

चारशेचा घेतला तर मी कबूल केलं, की ही बाई आता माजघरातच राहणार. जिथं हाय तिथंच तिचा फोटो काढायचा. बाहेर येण्याची वाट बघायची न्हाई.

पंडित म्हणला, "आजी, दुकान बंद करायचंय."

चारशेचा दे म्हणलं.

तो भरून आणला. भोकाला पट्टी लावली. झाकणावर बी आडवी पट्टी मारली अन् विमलला दाखवून सांगितलं, हे आता संक्रांतीपर्यंत उघडायचं न्हाई, देव आला तरी. ती व्हय म्हणली. डोळ्यातून पाणी गळणं थांबलं की काढते. डाव्या डोळ्यानं मला भिंत अन् विमल एकच दिसती.

तुझ्या बापाची तबियत बरी हाय. रेडिओ कानाशी धरून असतो. नामांतराचं परत निघालंय. चावडीवर सगळे बोलतात, तो बोलत न्हाई. अठ्ठ्याहत्तर साली पलीकडच्या गावात त्या वस्तीतली घरं पेटली तवा हा बांधावर उभा राहून बघत होता. लावायला गेलो न्हाई, असं सांगतो. विझवायला गेलास का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यानं ताट सारलं. परत विचारलं न्हाई.

झरी
रथसप्तमीच्या आधी, १९९४

फोटो संगं हाय. पयलं पत्र वाच, मग बघ. न्हाईतर बघत बसशील अन् काम राहील.

संक्रांतीला रेडिओवर सांगितलं, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. तुमच्याकडं बी कळलं असंल, तुझा तो नाचला असंल. इथं आदल्या दिवसापासूनच वेशीत पोलिसांची गाडी. वस्तीत हलगी वाजायली. इकडं दारं लावून बसले सगळे. बायांनी हळदीकुंकू पुढं ढकललं. गल्लीत चिटपाखरू न्हाई. तुझा बाप वसरीत बाजेवर, रेडिओ लावायचा, बंद करायचा, परत लावायचा.

दुपारी विमल सुपात तीळ घेऊन माजघरातून उठली. दाराची फट करून गल्ली बघितली. बघतच राहिली. विचारायला कुणीच नव्हतं बाहेर. दार उघडून अंगणात गेली अन् धुण्याच्या दगडावर बसली. उन्हात.

मला म्हणली का उन्हाला म्हणली, ठाऊक न्हाई. म्हणली, "आतमधी खडा दिसंना तिळातला."

अन् माझ्या डब्ब्यात चारशेचा रोल. मी महिनाभर अंधाराची तयारी करून बसलेली, अन् ही बाई लख्ख उन्हात जाऊन बसली. टक् करावं तर पांढरंफटक. पंडितकडं जावं तर दुकान बंद. अन् परत येईस्तोवर ती आत. मी वट्ट्यावर उभी, हातात डबा, डोळ्याला काळा चष्मा. मग पंडितचं बोलणं आठवलं. चष्मा काढला अन् डब्ब्याच्या डोळ्यापुढं धरला.

तर हात पुरंना. एका हातात डबा, एका हातात चष्मा, खटका दाबायला तिसरा कुठून आणू. डबा छातीला दाबून बघितला, हनवटीनं धरून बघितला. चष्मा सरकला, पट्टी निघायला आली. मला उन्हात दिसंना ते वेगळंच.

मागून तुझा बाप म्हणला, "माय, काय लावलंय?"

"फोटो."

"कुणाचा?"

"दिसत न्हाई का तुला?"

"कुणासाठी?"

विमलचा हात तिळात थांबला. वर बघितलं न्हाई तिनं.

मी म्हणलं, "तिच्या लेकीला तिचं तोंड आठवंना. तिनं मागितलाय."

वस्तीतली हलगी ऐकू यायली. तो हुंबऱ्यावर उभा. मला वाटलं आता डबा घेतो अन् आपटतो. प्लास्टिकला काय, एका दणक्यात खेळ खलास. मी घट्ट धरला.

मग म्हणला, "चष्मा कशाला मधी?"

"रोल चारशेचा हाय. ऊन जास्त होतंय."

"मग उद्या शंभरचा आण."

"उद्या ती इथं बसंल का?"

तो हुंबऱ्यावरून खाली वट्ट्यावर आला. माझा हात बघितला. म्हणला, "दोन हात पुरंनात तुला. चष्मा तेवढा धर."

डबा त्यानं घेतला. सुमे, हे तुला ऐकीव वाटू नये म्हणून सांगते. फोटोत डाव्या कडेला माझी बोटं दिसतात, चष्म्याची दांडी धरलेली. खटका दाबणारा हात माझा न्हाई. तुझ्या बापाचा हाय.

विमल म्हणली, "आत्याबाई, पदर नीट हाय का?" विचारलं मला, बघत होती त्याच्याकडं.

मी म्हणलं, "हाय."

तो म्हणला, "हलू नको."

टक्.

झालं. डबा माझ्या हातात दिला अन् आत जाऊन बाजेवर पडला. भिंतीकडं तोंड करून. रेडिओ लावला न्हाई. विमलनं तीळ निवडून संपवले, सूप उचललं, आत गेली. दुसऱ्या दिवशी आली न्हाई. परवा आली होती, अंगण झाडलं, धुरपताबाईचा खोकला ऐकला अन् गेली. त्याच्यावर घरात कुणी काही बोललेलं न्हाई, मी बी न्हाई. तू लय काही समजून बसू नको.

आता फोटोचं. तोंड आलंय. जरा धुरकट हाय, पण तीच हाय. तुला आठवत होती त्यापेक्षा बारीक झालीय, ती फोटोची चूक न्हाई. सगळ्या फोटोवर बारीक काळे ठिपके पडलेत, तोंडावर बी, सुपावर बी, वर आभाळात बी. पंडित म्हणला, आत धूळ हाय, रोल खराब झाला. धूळ न्हाई. ते खंडेनवमीचं कुंकू हाय, फटीतून रोलावर सांडलेलं. सुपातले तीळ अन् ते ठिपके निवडायला बसू नको, निवडत न्हाईत. पंडितनं माजघरातले बी दोन छापले. तिथं बी ती दिसती आता, चारशेच्या रोलानं, देवळीजवळ. ते मी धाडत न्हाई. ते तुला नकोत.

उत्तराचं ऐक. उत्तर तू लिहायचं न्हाई. तुझं अक्षर तुझा बाप लांबून ओळखतो, पाकीट न फोडता ठेवून द्यायला त्याला सबब मिळती. तुझ्या त्यानं लिहावं, सूर्यभाननं. पंडितच्या दुकानात न्हाई, ह्या घरी, तुझ्या बापाच्या नावानं. पाठीमागं धाडणाऱ्याचं नाव पुरं घालावं, सूर्यभान खंदारे, आडनाव गिळायचं न्हाई. आमचा पोस्टमन वट्ट्यापुढं उभा राहून ते मोठ्यानं वाचतो, त्याची खोड हाय. वाचू दे. गल्ली ऐकंल, विमल माजघरातून ऐकंल. आत लय लिहायचं न्हाई. फोटो पोचला, एवढंच. माफी न्हाई, नामांतर न्हाई, पाया पडतो न्हाई. ज्यानं फोटो काढला त्याला पोच द्यायची असती, अन् जावयाच्या घरी गेलेल्या चीजेची पोच जावई देतो.

तुझा बाप फाडील का वाचील ते मला सांगता येत न्हाई. फाडलं तर दुसरं धाडावं. ते बी त्यानंच लिहावं.